फर्नेस दर पाच-दहा मिनिटांनी चालू-बंद होते : स्मार्ट थर्मोस्टॅटमध्ये नेमके काय बदलावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी ऑक्टोबरमध्ये आपल्या दुमजली घरातला जुना थर्मोस्टॅट (घराचे तापमान पाहून हीटिंग व एसी चालू-बंद करणारे भिंतीवरचे यंत्र) काढून ईकोबी कंपनीचा स्मार्ट थर्मोस्टॅट बसवला. घर १९९०च्या दशकात बांधलेले आहे आणि तळघरात तासाला १,००,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचे माप), ८० टक्के कार्यक्षमतेची गॅस फर्नेस, म्हणजे हवा तापवून घरभर फेकणारी भट्टी, आहे. नवा थर्मोस्टॅट लागल्यापासून फर्नेस सुमारे चार मिनिटे चालते, साडेनऊ मिनिटे बंद राहते आणि पुन्हा सुरू होते. हे मोजले तेव्हा बाहेर ४२ अंश आणि घरात ७० अंश तापमान होते. शिवाय ऊन पडलेल्या दुपारी हीटिंग थांबून चक्क एसी सुरू होतो आणि संध्याकाळी पुन्हा फर्नेस पेटते. भारतातून आलेले आईवडील या सततच्या आवाजाला कंटाळले आहेत. कोणते सेटिंग बदलावे, असे त्यांनी विचारले आहे. (या उत्तरातले सगळे अंश फॅरनहाइटमध्ये आहेत, कारण अमेरिकेतली यंत्रे तीच भाषा बोलतात.)

न्यू जर्सीत मी वीसहून अधिक वर्षे हीटिंग-कूलिंगचे काम करतो आहे. या तक्रारीचे फोन दर वर्षी पहिल्या थंडीबरोबर सुरू होतात. त्यातल्या बहुतेकांनी थर्मोस्टॅटची सगळी सेटिंग्ज एका रात्रीत बदलून ठेवलेली असतात, त्यामुळे मूळ दोष कोणता आणि नंतर घातलेला गोंधळ कोणता, हे शोधण्यातच माझा पहिला तास जातो. तुम्ही मात्र घड्याळ लावून मिनिटे मोजली आणि बाहेरचे तापमानही लिहून ठेवले. या तीन आकड्यांवरून पुष्कळ काही सांगता येते, म्हणून सेटिंग्जकडे वळण्याआधी थोडा हिशेब करू.

साडेतेरा मिनिटांच्या एका फेरीत फर्नेस चार मिनिटे चालते, म्हणजे एकूण वेळेच्या सुमारे ३० टक्के. एक लाख बीटीयूच्या फर्नेसमधून ८० टक्क्यांप्रमाणे तासाला ८०,००० बीटीयू उष्णता घराला मिळते आणि तिचे ३० टक्के म्हणजे २४,०००. बाहेर ४२ आणि आत ७० अंश असताना, म्हणजे २८ अंशांचा फरक असताना, तुमच्या घराला तासाला एवढीच उष्णता लागते. आपल्या भागात फर्नेसचे माप ठरवताना बाहेरचे तापमान साधारण १४ अंश धरतात. तेव्हा फरक दुप्पट, म्हणजे ५६ अंश होईल आणि गरजही दुप्पट, म्हणजे सुमारे ४८,००० बीटीयू होईल. याचा अर्थ कडाक्याच्या थंडीतही तुमची फर्नेस तासातली ३६ मिनिटेच चालणार आणि उरलेला वेळ रिकामी बसणार. ती तुमच्या घराच्या मानाने बरीच मोठी आहे. १९९०च्या दशकात बांधलेल्या घरांत हे सर्रास दिसते, कारण ‘थोडी मोठीच असू द्या, थंडी वाजायला नको’ या न्यायाने फर्नेसा बसवल्या जात.

आता या साऱ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट सांगतो. ४२ अंशांच्या त्या दिवशी तुमच्या फर्नेसला तासाला १८ मिनिटे चालायचेच आहे आणि थर्मोस्टॅटचे कोणतेही सेटिंग ती १८ मिनिटे कमी करू शकत नाही. सेटिंग एवढेच ठरवते की त्या १८ मिनिटांचे तुकडे किती पाडायचे. सध्या ते चारहून थोडे अधिक पडत आहेत. ते अडीचवर आले तर प्रत्येक तुकडा सात मिनिटांचा होईल. गॅसचे बिल त्यामुळे फारसे बदलणार नाही, पण इग्नायटर (ज्वाला पेटवणारा भाग) कमी वेळा तापेल, ब्लोअर (गरम हवा घरात फेकणारा पंखा) कमी वेळा सुरू होईल आणि मुख्य म्हणजे फर्नेसच्या आतला हीट एक्स्चेंजर (ज्वालेची उष्णता हवेला देणारा धातूचा भाग) व धुराचा पाइप प्रत्येक वेळी पुरते गरम होतील. ८० टक्क्यांच्या फर्नेसमध्ये या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे, कारण पाइप गरम होण्याआधीच ज्वाला विझली तर धुरातली वाफ आतच थंड होऊन पाणी धरते आणि गंज चढतो.

तासाला तीन ते पाच फेऱ्या हा गॅस फर्नेससाठी रोग नव्हे. हनीवेल कंपनीच्या थर्मोस्टॅटमध्ये हा आकडा थेट निवडता येतो. साध्या गॅस फर्नेससाठी तिथे तासाला ५, नव्वद टक्क्यांच्या वरच्या फर्नेससाठी व गरम पाण्याच्या रेडिएटरसाठी ३, वाफेच्या रेडिएटरसाठी १ आणि विजेच्या हीटरसाठी ९ सुचवलेले असते. हा आकडा ‘जास्तीत जास्त’ असतो आणि यंत्र निम्मा वेळ चालत असते तेव्हाच गाठला जातो. अगदी सौम्य हवेत किंवा अगदी कडक थंडीत फेऱ्या आपोआप कमी होतात. तुमच्या चार मिनिटांना म्हणून मी ‘बिघाड’ म्हणणार नाही, पण ते काठावर आहे आणि सुधारता येण्याजोगे आहे. दोन-अडीच मिनिटांतच फर्नेस थांबत असती तर मात्र मी आधी तळघरात उतरलो असतो.

तळघरात तुम्हालाही एकदा उतरावे लागेल, कारण फर्नेस थांबवतो कोण, हे कळल्याशिवाय सेटिंगला हात लावणे म्हणजे अंधारात दगड मारणे आहे. थांबवणारे दोघे असू शकतात. एक थर्मोस्टॅट, ज्याला हवे ते तापमान मिळाले आहे. दुसरी फर्नेस स्वतः, जिच्या एखाद्या सुरक्षा-स्विचने गॅस तोडला आहे. एका माणसाने वर थर्मोस्टॅटसमोर उभे राहावे, दुसऱ्याने फोन कानाला लावून फर्नेससमोर बसावे. बर्नर विझला त्या क्षणी थर्मोस्टॅटवरचे ‘हीटिंग’चे केशरी चिन्ह गेले असेल, तर थर्मोस्टॅटनेच तो थांबवला. चिन्ह तसेच आहे, ब्लोअरही वारा फेकतो आहे, पण ज्वाला नाही, असे असेल तर बहुधा हाय लिमिट स्विचने, म्हणजे फर्नेस फार तापली की पडणाऱ्या सुरक्षा-स्विचने, गॅस तोडला आहे. फर्नेसमधून पुरेशी हवा वाहत नाही आणि ती आतल्या आत तापते आहे, असा त्याचा अर्थ होतो. ज्वाला पेटून पाच-सात सेकंदांतच विझत असेल तर फ्लेम सेन्सरवर (ज्वाला आहे की नाही हे ओळखणाऱ्या भागावर) काजळीसारखा थर बसलेला असण्याची शक्यता जास्त. या दोन्ही परिस्थितींत थर्मोस्टॅट निर्दोष असतो आणि त्याची सेटिंग्ज बदलून उपयोग शून्य.

हवा कमी पडण्याचे कारण दहातल्या सात घरांत फिल्टर हेच निघते. ॲलर्जीसाठी म्हणून लोक एक इंच जाडीच्या चौकटीत मर्व्ह १३ दर्जाचा (मर्व्ह हे फिल्टर किती बारीक गाळतो याचे माप) दाट फिल्टर बसवतात आणि सहा महिने विसरतात. एवढ्या पातळ जागेत मर्व्ह ८ किंवा फार तर ११ पुरे, आणि थंडीत तो दर महिन्याला उजेडासमोर धरून पाहावा. वापरात नसलेल्या खोल्यांतल्या गरम हवेच्या जाळ्या बंद करून ठेवण्याची सवयही याच सदरात मोडते. त्याने गॅस वाचत नाही, फर्नेसचा श्वास तेवढा कोंडतो. फिल्टर बदलून आणि जाळ्या उघडूनही लिमिट स्विच पडत असेल, किंवा धुराच्या पाइपवर गंजाचे ओघळ दिसत असतील, तर पुढचे काम परवानाधारक तंत्रज्ञाचे आहे. गॅसच्या वाटेला घरच्या घरी जाऊ नये आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे याची खात्री त्याच दिवशी करावी.

तुमच्या वर्णनावरून थर्मोस्टॅटच फर्नेस थांबवतो आहे असे मी धरतो, कारण फेऱ्या एकसारख्या आहेत आणि घर ७० अंशांवर टिकून आहे. तेव्हा सेटिंग्जकडे वळू.

ईकोबीमध्ये ‘सेटिंग्ज’मधून ‘इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ आणि तिथून ‘थ्रेशोल्ड्स’ या पानावर जावे. तिथे ‘हीट डिफरन्शियल टेंपरेचर’ हा पर्याय आहे. ठरवलेल्या तापमानापेक्षा घर किती खाली गेल्यावर फर्नेस पेटवायची, हे तो ठरवतो. मुळात तो अर्ध्या अंशावर असतो. तुमच्या मोठ्या फर्नेसच्या हिशेबाने अर्धा अंश म्हणजे काहीच नाही, कारण चार मिनिटांत ती तो भरून काढते. तो १ अंशावर न्यावा. ७० लावले असेल तर फर्नेस ६९ ला पेटेल आणि ती साधारण सात मिनिटे चालून सोळा-सतरा मिनिटे शांत बसेल, अशी माझी अपेक्षा आहे. दीड अंशही चालेल, पण त्यापुढे जाऊ नये. आपण फिरत असतो तेव्हा दीड अंश जाणवत नाही, पण दुपारभर खुर्चीत बसून असलेल्या वयस्कर माणसांना तो पायांना पहिल्यांदा जाणवतो आणि मग कुणीतरी उठून तापमान ७३ करते. हा पर्याय पानावर दिसलाच नाही, तर ‘कॉन्फिगर स्टेजिंग’ हाताने ठरवण्यावर ठेवून पाहावे.

त्याच पानावर ‘हीट मिनिमम ऑन टाइम’ आहे. एकदा पेटली की फर्नेसने निदान एवढा वेळ चालावे, असा त्याचा आदेश. तो पाच मिनिटांवर ठेवणे ठीक आहे, पण याला मी पहिले हत्यार मानत नाही. डिफरन्शियल न वाढवता नुसता हा वेळ दहा मिनिटे केला, तर घर ठरवलेल्या तापमानाच्या वर जाईल, लोक घामेजतील आणि खिडकी उघडतील.

गूगलच्या नेस्ट थर्मोस्टॅटमध्ये डिफरन्शियलचा आकडा वापरणाऱ्याला बदलता येत नाही. ते यंत्र घराचा स्वभाव स्वतः शिकते. ज्यांच्याकडे नेस्ट आहे त्यांनी पुढे सांगितलेल्या जागेच्या, वायरच्या आणि वेळापत्रकाच्या गोष्टींवरच भर द्यावा.

इथे जुन्या थर्मोस्टॅटची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. हनीवेलचा १९५३ साली आलेला तो गोल थर्मोस्टॅट तुमच्या भिंतीवर असावा असा माझा अंदाज आहे. त्याच्या आत पाऱ्याची काचेची कुपी आणि शेजारी एक लहानशी तापणारी तार असे. फर्नेस चालू असताना ती तार थर्मोस्टॅटला आतून किंचित ऊब देई, म्हणजे घर पुरते तापण्याआधीच तो फर्नेस थांबवी आणि डक्टमधली (हवा वाहून नेणाऱ्या नळांतली) उरलेली उष्णता राहिलेले काम करी. तिच्यावर एक बारीक काटा असे. तो गॅस व्हॉल्व्हच्या करंटशी जुळवायचा, आणि ‘लांबवा’ असे लिहिलेल्या बाणाच्या दिशेने केसभर सरकवला की फेऱ्या लांबायच्या. जुन्या मेकॅनिकने तो काटा तुमच्या मोठ्या फर्नेसच्या बेताने सरकवून ठेवलेला असणार, म्हणूनच वीस-पंचवीस वर्षे कुणाला काही जाणवले नाही. नव्या यंत्रात तेच काम डिफरन्शियल करतो, फक्त डबा उघडल्यावर तो तुमच्या घराच्या मापाचा नसतो.

आता दुपारच्या एसीकडे येऊ. तुम्ही थर्मोस्टॅट ‘ऑटो’वर ठेवला आहे, म्हणजे हीटिंग लावायचे की कूलिंग हे तोच ठरवतो, आणि तुमच्या सांगण्यानुसार हीटिंग ७० व कूलिंग ७३ ला आहे. ऑक्टोबरात दक्षिणेकडच्या मोठ्या खिडक्यांतून ऊन आले की फर्नेस बंद असतानाही दिवाणखाना ७४ पर्यंत सहज चढतो. मग एसी तो ७३ च्या खाली आणतो, ऊन उतरल्यावर घर ७० च्या खाली येते आणि फर्नेस पेटते, म्हणजे सूर्याने फुकट दिलेली ऊब पैसे देऊन बाहेर टाकायची आणि तीच तीन तासांनी पैसे देऊन विकत घ्यायची. त्यातून बाहेर ६० अंशांच्या खाली तापमान असताना साधा एसी चालवणे कॉम्प्रेसरलाही चांगले नाही. यावर माझे मत स्पष्ट आहे : आपल्या हवामानात ‘ऑटो’ची गरज वर्षातून फार तर दोन-तीन आठवडे पडते. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत थर्मोस्टॅट ‘हीट’वर ठेवावा आणि दुपारी उकडले तर खिडकी उघडावी. ‘ऑटो’ ठेवायचाच असेल तर ‘हीट-कूल मिनिमम डेल्टा’ (हीटिंग आणि कूलिंगच्या तापमानांतले किमान अंतर) निदान ५ अंश करावा आणि कूलिंग ७६ वर न्यावे.

सेटिंग बरोबर असूनही थर्मोस्टॅट चुकीचे तापमान वाचत असेल तर सगळे मुसळ केरात. तो आतल्या भिंतीवर, जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास, ऊन आणि जाळीतल्या वाऱ्याच्या वाटेपासून दूर हवा. एका मराठी कुटुंबात मला रोज संध्याकाळी साडेसहाला फर्नेस तासभर रुसल्याची तक्रार होती. गेलो तर थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली देव्हारा आणि त्यात तेवणारी समई. समई दोन फूट बाजूला सरकली आणि तक्रार संपली. दुसरा चोर भिंतीच्या आत असतो. वायर ज्या भोकातून येते त्यातून भिंतीच्या पोकळीतली थंड किंवा गरम हवा थेट सेन्सरवर येते. थर्मोस्टॅट पट्टीवरून अलगद ओढून काढावा आणि त्या भोकापाशी पेटलेली उदबत्ती धरावी. धूर सरळ वर न जाता आत ओढला गेला किंवा बाहेर ढकलला गेला, तर भोक पुट्टीने बंद करावे. दहा मिनिटांचे काम आहे, पण नवा थर्मोस्टॅट बसवणाऱ्यांपैकी फार थोडे ते करतात.

ईकोबीबरोबर येणारे खोल्यांचे सेन्सरही फेऱ्या वाढवू शकतात. ‘फॉलो मी’ चालू असेल तर यंत्र ज्या खोलीत माणसे आहेत तिथल्या तापमानाला झुकते माप देते. आई स्वयंपाकघरात गेली की सरासरी चढते, ती माडीवर गेली की उतरते, आणि घर आहे तसेच असतानाही फर्नेसला उगाच हाक जाते. दिवसा दिवाणखान्याचा एकच सेन्सर आणि रात्री झोपण्याच्या खोलीचा एकच, अशी विभागणी करून पाहा.

वेळापत्रकातही काटछाट करावी. दिवसात सहा-सात वेळा बदलणारे तापमान, त्यात दोघांच्या फोनवरून ‘घरी’ आणि ‘बाहेर’ ओळखणारी सोय, आणि त्यात घरी चोवीस तास आईवडील, हे गणित जुळत नाही. दिवसाचे एक आणि रात्रीचे एक अशी दोनच तापमाने ठेवावीत. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते दिवसातले आठ तास तापमान ७ ते १० अंशांनी खाली ठेवले तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते, पण तो सल्ला रिकाम्या घराचा किंवा गाढ झोपेचा आहे. घरात वृद्ध असताना रात्री ३-४ अंशांची उतरण पुरेशी आहे.

हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारे यंत्र) असलेल्या घरांना तर मोठी उतरण महागात पडते. सकाळी एकदम सहा अंश चढवायचे म्हटले की तापणाऱ्या विजेच्या पट्ट्या (‘ऑक्स’ हीट) मदतीला धावतात आणि वाचवलेले सारे त्या खातात. अशा घरांत रात्रीची उतरण दोन अंशांवर ठेवून, बाहेर ३५-४० अंशांच्या वर तापमान असताना ‘ऑक्स’ हीट लागूच नये असे सेटिंग करावे.

वायरचे दोन शब्द. स्मार्ट थर्मोस्टॅटला २४ व्होल्टचा अखंड पुरवठा लागतो आणि तो सी-वायरमधून येतो. सी-वायर नसताना काही यंत्रे हीटिंग-कूलिंगच्या वायरींतूनच थोडी वीज उचलतात. त्यामुळे फर्नेसच्या रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) टकटक ऐकू येते आणि कधी यंत्र क्षणभर पेटून बंदही पडते. तुमच्याकडे फेऱ्या नियमित असल्याने हा दोष नसावा, तरी सी या अक्षराखाली वायर आहे का ते उदबत्ती धरताना पाहून घ्या.

उन्हाळ्यासाठीही आताच एक नोंद करून ठेवा. फर्नेस मोठी बसवणाऱ्याने एसीही मोठाच बसवला असणार. कॉम्प्रेसर एकदा थांबला की निदान पाच मिनिटे सुरू होऊ देऊ नये, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब समान होतो. ईकोबीत ही पाच मिनिटे मुळातच लावलेली असतात, ती कमी करू नयेत. एसी लवकर थांबला तर हवा थंड होते, पण दमट राहते, कारण कॉइल (एसीतल्या हवा गार करणाऱ्या नळ्या) पुरती गार होऊन तिच्यावरचे पाणी नळीतून वाहू लागायला बराच वेळ लागतो. म्हणून ‘कूल डिफरन्शियल’ही १ अंश करावा. ब्लोअर कायम ‘ऑन’वर ठेवू नये, नाहीतर ओल्या कॉइलवरचे पाणी तो पुन्हा घरात उडवतो.

बदल एका वेळी एकच करा. पहिल्या दिवशी फिल्टर, उदबत्तीची परीक्षा आणि ‘ऑटो’वरून ‘हीट’. तसेच दोन दिवस राहू द्या, फेऱ्या मोजा. मग डिफरन्शियल १ अंश, पुन्हा दोन दिवस. प्रत्येक वेळी बाहेरचे तापमान लिहायला विसरू नका, कारण हवा बदलली की फेऱ्याही बदलतात आणि श्रेय उगाच सेटिंगला जाते. आठवड्याच्या शेवटी सहा मिनिटांच्या वर फर्नेस चालत असेल, तर सेटिंग्जचे पान मिटवून टाका आणि विसरून जा.

ती कागदावरची टिपणे मात्र टाकू नका. ही फर्नेस तशी तीसच्या घरात आली आहे आणि येत्या काही वर्षांत ती बदलावी लागेल. तेव्हा येणारा प्रत्येक कंत्राटदार जुन्या यंत्रावरची पाटी वाचून ‘तेवढीच लावू’ म्हणेल. त्याच्याकडे मॅन्युअल जे पद्धतीने (घराला किती उष्णता लागते हे काढण्याच्या पद्धतीने) काढलेला घराचा लेखी हिशेब मागा आणि तुमचे आकडे त्याच्यापुढे ठेवा. तुमच्या घराला ४८,००० बीटीयू लागतात, तर ६०,००० बीटीयूची ९५ टक्के कार्यक्षमतेची फर्नेस ५७,००० देते आणि तेवढी भरपूर झाली.